बसून पाहिलेली खुर्ची

वहिनी बसल्याशिवाय त्या कारखान्यातून एकही खुर्ची बाहेर पडत नसे.

कारखाना म्हणजे फार काही नाही. रस्त्याला लागून एक लांबुडकी खोली. एका टोकाला लाकडाची थप्पी, दुसऱ्या टोकाला पॉलिशचे डबे आणि मध्ये दोघे भाऊ व चार कारागीर. थोरला भाऊ, म्हणजे वहिनींचा नवरा, दिवसाकाठी दहा शब्द बोलला तर त्यातले नऊ लाकडाशी बोले. घराण्याच्या वाट्याचं उरलेलं सगळं बोलणं धाकट्याने घेतलं होतं, म्हणून गिऱ्हाईक तो सांभाळी. वहिनी खिडकीशी बसून वेताच्या बैठका विणत आणि खुर्ची तयार झाली की उठून तिच्यावर बसत. आधी सरळ. मग मागच्या दोन पायांवर रेलून. मग कमरेतून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, कान सांध्याकडे लावून. कुरकुर ऐकू आली नाही तर म्हणत, "जाऊ दे." मग कारागीर बैठकीखाली खडूने खूण करी आणि खुर्ची पॉलिशकडे जाई.

वहिनींचं वजन एकशे अठरा किलो. हा आकडा लपवण्यात अर्थ नाही, कारण तो दुकानाच्या पाटीवरच होता: 'प्रत्येक खुर्ची बसून पाहिलेली. एकशे अठरा किलोची हमी.'

याची सुरुवात एका फजितीतून झाली होती. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी, एक गिऱ्हाईक भाव करत उभं असताना वहिनी दमून शेजारच्या नव्या खुर्चीवर टेकल्या आणि खुर्ची चारही पाय पसरून जमिनीला लागली. धाकट्याने डोळ्याची पापणी लवू दिली नाही. म्हणाला, "आमच्याकडे परीक्षा अशीच घेतो, साहेब. ही नापास. तुम्हाला पास झालेली देतो." गिऱ्हाइकाने एकाऐवजी चार नेल्या. वहिनी भुशात बसूनच हसल्या. तेव्हापासून हसणं आणि बसणं ही दोन्ही कामं त्यांच्याकडेच राहिली.

जाडीचं त्यांना दुःख नव्हतं. दोन जिने चढताना तीनदा थांबावं लागे, पण थांबल्यावर शेजारणींशी बोलता येतं, असं त्या म्हणत. जावेने लिंबूपाणी सुचवलं, एका चुलतबहिणीने सकाळी पळायला सांगितलं. वहिनींनी लिंबूपाणी घेतलं आणि चुलतबहिणीला पळायला लावलं.

मग श्वसनाच्या तापाची साथ आली. कारखान्यात सगळेच खोकले. दोघे भाऊ पाचव्या दिवशी रंध्यावर परत. वहिनीही पाचव्या दिवशी बऱ्या वाटल्या, सहाव्या दिवशी जिन्यात बसल्या आणि आठव्या दिवशी त्यांना स्ट्रेचरवर घालायला शेजारचे तिघे बोलवावे लागले. एकोणीस दिवस इस्पितळात काढले. नाकातोंडावर मास्क, आणि डॉक्टरांचं एकच पालुपद की पालथं झोपवा. पालथं करायला पाच माणसं लागत. ती 'एक, दोन, तीन' म्हणत आणि पलंग कण्हत असे. चौथ्या दिवशी वहिनींनी मास्क बाजूला करून नर्सला जवळ बोलावलं. तिला वाटलं काही शेवटचं सांगायचं असेल. त्या म्हणाल्या, "डावीकडचा मागचा पाय ढिला आहे." नर्सने मास्क परत लावला, रागावली आणि बाहेर जाऊन पोट धरून हसली. पलंग मात्र दुसऱ्या दिवशी बदलला.

पण विनोद तेवढाच. बाकीचे अठरा दिवस वहिनी श्वास मोजत होत्या. प्रत्येक श्वास ओढून आणावा लागतो, आपोआप येत नाही, हे ज्याला कळलं तो पुन्हा पहिल्यासारखा होत नाही.

घरी सोडताना फुफ्फुसाच्या डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं, की या पोटाचा भार खालून फुफ्फुसांवर येतो, त्यांना फुलायला जागाच उरत नाही. वर ताप आला की शरीर आतूनच धुमसत राहतं. "या वेळी निभावलं. पुढच्या वेळची हमी मी देत नाही."

दुसऱ्या कोणाला हे वाक्य औपचारिक वाटलं असतं. वहिनींची सारी हयात हमी देण्यात गेली होती. हमी न देणं म्हणजे काय हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. अशी खुर्ची त्या सरपणात टाकायला लावत.

म्हणून वजन कमी करण्याचं ऑपरेशन करायचं, असं त्यांनी जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं. धाकटी जाऊ, स्वतः छत्रीच्या काडीसारखी, हातातला चमचा खाली ठेवून म्हणाली की देवाने दिलेलं चांगलं पोट कापून टाकायचं म्हणजे काय, ताई, कमी जेवा की. वहिनींनी विचारलं, तीस वर्षं मी काय करतेय असं वाटतं तुला? धाकट्याच्या तोंडातून निसटलंच: "मग खुर्च्यांचं काय, वहिनी?"

बोलून तो स्वतःच ओशाळला. पण शब्द टेबलावर पडला तो पडलाच. वहिनींनी ताट बाजूला सारलं.

उत्तर नवऱ्याने दिलं, आणि त्या दिवसाचे लाकडाच्या वाट्याचे शब्दही त्यात खर्च केले. "झोपेत हिचा श्वास थांबतो. पुन्हा सुरू होईपर्यंत मी जागा असतो. वर्षं झाली. मला झोप हवी आहे."

इतकं प्रेमाचं बोलणं त्या घरात पूर्वी कोणी ऐकलं नव्हतं. विषय संपला.

सर्जन उंच आणि लुकडे होते. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं: पोटाची पिशवी दुर्बिणीने कापून केळ्याएवढी नळी ठेवायची. त्याआधी दोन आठवडे नुसतं पातळ खायचं. नंतर जन्मभर गोळ्या, जन्मभर तपासण्या. हे जादूचं काम नाही, बाई, मेहनत तुमचीच, असं त्यांनी तीनदा बजावलं. वहिनींनी एकच शंका विचारली, की शिवण उसवली तर? डॉक्टर म्हणाले, क्वचित उसवते, म्हणून पहिले दिवस लक्ष ठेवतो. हे उत्तर वहिनींना आवडलं. उसवणारच नाही म्हणणाऱ्या शिंप्यावर त्यांचा कधीच विश्वास नव्हता.

शिवण टिकली. त्रास झाला तो जेवणाचा. औषधाच्या पेल्याएवढं सूप, तेही चमच्याचमच्याने. जेवताना पाणी नाही, पाणी पिताना जेवण नाही. वहिनी चौथ्या चमच्याला पोट भरलं म्हणत आणि जाऊ रुसून बसे, माझ्या हातची चव गेली का? चव गेली नव्हती, जागा गेली होती. केस मूठमूठ गळले. घरात बाकीचे जेवायला बसले की वहिनी गच्चीवर जाऊन उगाच कपडे झटकत. भूक नव्हती, पण पानात पडण्याची, वाढून घेण्याची, 'अजून थोडं' म्हणण्याची सवय पोटाबरोबर कापून निघत नाही. पहिल्या दोन महिन्यांत त्या जितक्या चिडल्या तितक्या तीस वर्षांत चिडल्या नव्हत्या.

मग हळूहळू जिना छोटा झाला. एक थांबा गेला, दुसरा गेला. शेजारणी तक्रार करू लागल्या की वहिनी हल्ली बोलायला थांबत नाहीत. नवरा घोरू लागला. चौदा महिन्यांत काटा सत्तरवर येऊन थांबला.

आणि या चौदा महिन्यांत वहिनी रोज खुर्च्यांवर बसत होत्या. सरळ, मागे रेलून, डावीकडे, उजवीकडे. "जाऊ दे." खडूची खूण. पाटी जिथल्या तिथे. अंगावरचे कपडे तीनदा शिंप्याकडे जाऊन आले, बांगड्या हातातून निसटल्या, भेटेल तो 'किती बारीक झालात' म्हणून गेला. पण काटा बदलला म्हणजे माप बदललं, हे त्या सात शहाण्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

पहिली खुर्ची खाणावळीतून परत आली. धाकटा म्हणाला, तिथली माणसं दांडगाई करतात. दुसरी एका वकिलाकडून आली. धाकटा म्हणाला, वकील आहे, भांडायला कारण हवंच. मग सरसाला दोष दिला, दमट हवेला दिला, शेवटी थोरल्या भावाच्या हाताला दिला. त्यावर थोरल्याने रंधा खाली ठेवला आणि तीन दिवस धाकट्याच्या वाट्याचा एकही शब्द काढला नाही. फरक कोणाला कळला नाही, पण धाकट्याला झोंबलं.

चौथ्या दिवशी सर्जनच काखेत खुर्चीचा पाय मारून दारात उभे. ऑपरेशनच्या वेळी वहिनींकडून हमीची गोष्ट ऐकून त्यांनी आपल्या वेटिंग रूमसाठी मोठ्या विश्वासाने बारा रुंद खुर्च्या नेल्या होत्या. त्यांचे पेशंट शंभर-एकशे दहा किलोचे. आठवड्यात तीन खुर्च्या बसल्या त्या उठल्या नाहीत. नशीब, कोणाला लागलं नव्हतं. एक गृहस्थ तर पडल्या पडल्या म्हणाले की आता ऑपरेशनची तारीख द्याच.

डॉक्टरांनी पाय टेबलावर ठेवला. "बाई, या खुर्च्या तुम्ही बसून पाहिल्या होत्या ना?"

"सगळ्या. बाराच्या बारा."

"किती किलोच्या असताना?"

रंधे थांबले. पॉलिशवाल्याचा हात डब्यात तसाच राहिला. धाकट्याने आधी वहिनींकडे पाहिलं, मग दाराबाहेरच्या पाटीकडे, मग पुन्हा वहिनींकडे. थोरल्याने पुढे होऊन पाय हातात घेतला, अंगठ्याने जाडी पाहिली. "पाय बारीक आहे. नवं लाकूड आल्यापासून. मी सांगितलं होतं."

"कोणाला सांगितलं होतंस?" धाकटा.

थोरल्याने रंध्याकडे पाहिलं.

वहिनींना हसू फुटलं, पण ते नेहमीसारखं खालपर्यंत उतरलं नाही. डॉक्टर गेल्यावर धाकट्याने घसा खाकरून विचारलं, की वहिनी, अगदी पहिल्याइतकं नको, पण पंधरा-वीस किलो परत, जमण्यासारखं आहे का? जाऊ लगेच म्हणाली की ती एक तरी गोष्ट आपल्याला येते, खाऊ घालायची. त्या दोघांना दुष्ट म्हणणं खरं नव्हे. बुडत्याला काडी दिसली इतकंच. पण वहिनी खिडकीशी गेल्या आणि सबंध बैठक चुकीची विणून पुन्हा उसवली. पंचवीस वर्षं आपण काय होतो, वजन का माणूस? ज्या श्वासासाठी सगळं केलं, त्याचीही परीक्षा झाली नव्हती. तो टिकेल याची खूण बैठकीखाली कोणी केली होती?

परीक्षा तीन आठवड्यांत आली. साथ पुन्हा गावभर पसरली. आधी पॉलिशवाला, मग धाकटा, मग जाऊ, मग वहिनी. या खेपेला लस सगळ्यांनी घेतली होती, तरी नवऱ्याने वहिनींच्या इस्पितळाची पिशवी भरून दाराशी ठेवली. बोटाला लावायचा ऑक्सिजनचा चिमटा आणला आणि दर तासाला आकडा भिंतीवर सुतारी पेन्सिलीने लिहू लागला. ताप चढला, अंग मोडून आलं, पाचव्या दिवशी ताप उतरला. पाचव्या दिवसाला कोणी भुललं नाही. खरा दिवस आठवा.

आठव्या दिवशी सकाळी वहिनी खिडकीतल्या खुर्चीवर जाऊन बसल्या. नवरा समोर उभा. दोघं वाट पाहत राहिली, पाहुणा येणार असल्यासारखी. वहिनींनी श्वास आत घेतला. तो गेला. तळापर्यंत गेला. दुसरा घेतला. तोही गेला. मग त्या उठल्या, जिना उतरल्या, चढल्या, आणि खुर्चीवर परत बसून बोट पुढे केलं.

नवऱ्याने भिंतीवर शहाण्णव लिहिलं आणि दाराशी ठेवलेली पिशवी उघडून आतला टॉवेल काढून तोंड पुसायच्या निमित्ताने बराच वेळ तोंडावर धरला.

छत्रीच्या काडीला मात्र दोन आठवडे खोकल्याने सोडलं नाही. लाकूड बारीक आहे म्हणून वाळवी त्याला चुकवते असं थोडंच आहे?

फुफ्फुसाच्या डॉक्टरांना वहिनींनी फोन करून विचारलं, की हे ऑपरेशनमुळे ना? ते सावध गृहस्थ. म्हणाले, वजन उतरलेल्यांना ताप तितका जोरात बाधत नाही असं दिसतं खरं. पण लसही होती, साथही थोडी सौम्य होती, छातीठोक सांगता येणार नाही.

"म्हणजे हमी नाहीच."

"नाही, बाई."

"नको. मी बसून पाहिलंय."

कारखान्यात परत आल्या त्या दिवशी त्यांनी जाड कापडाचं पोतं शिवून घेतलं, त्यात वाळू भरली आणि काट्यावर घातलं. बरोबर अठ्ठेचाळीस किलो. मग नव्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, आणा. दोन कारागिरांनी कण्हत कण्हत पोतं उचलून त्यांच्या मांडीवर ठेवलं. वहिनी सरळ बसल्या. मागे रेलल्या. डावीकडे वळल्या, उजवीकडे वळता वळता बारीक 'कुर्र' ऐकू आलं.

"नापास. पाय जाड घ्या, भावजी, आणि लाकूडवाल्याला माझा नमस्कार सांगा."

पोतं अजून मांडीवरच होतं. वरचा भाग छातीला टेकला होता, आणि वहिनींचा श्वास आखूड होऊ लागला. ओळखीचा, जिन्यातला, मास्कमधला. त्यांनी दोन्ही हातांनी पोतं चाचपलं. एवढं घेऊन आपण घरभर वावरत होतो, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

"उचला आता," त्या म्हणाल्या. "पुरे झालं."

पोतं उतरलं. धाकट्याला तेवढ्यात युक्ती सुचली. डोळे चमकले. "वहिनी, मग एकशे अठरा किलो भरतील एवढी पोती एकावर एक ठेवली तर? तुम्हाला त्रासच नको. पोत्यांनाच बसवू."

थोरला रंध्यावरून मान न उचलता म्हणाला, "पोतं नुसतं बसतं. कुरकुर ऐकत नाही."

वहिनींनी पदर सावरला आणि पुढची खुर्ची ओढली.