ग्रिलमध्ये अडकलेले फायरसाहेब

कोणाच्याही घरात शिरले की फायरसाहेब आधी पाण्याचा पेलासुद्धा हातात घेत नसत. उंबऱ्याच्या आत येऊन एकदा मागं वळून दाराकडे बघायचे आणि म्हणायचे, “हे पयली वाट झाली. हे तं सर्वाईलेच ठाऊक रायते. आता दुसरी दाखवा.”

साहेब वगैरे ते काही नव्हते. आमच्या दिग्रसच्या अग्निशमन गाडीवरचे साधे फायरमन. पण अंगानं असे भरदार, की गाडीतून उतरले की गाडी एका बाजूनं वर उचलल्यासारखी दिसायची. गल्लीनं त्यांना साहेब करून टाकलं, आणि त्यांनीही नाही म्हटलं नाही.

माझं वेल्डिंगचं दुकान आहे. दुसऱ्याच्या दुकानात गज कापत कापत मी स्वतःचं दुकान उभं केलं. शटर, गेट, कूलरचे स्टँड आणि मुख्य म्हणजे खिडकीची ग्रिलं. माझं ग्रिल चोराला हलत नाही, असं मी गिऱ्हाइकाला छातीवर हात ठेवून सांगायचो. भावात मी कोणाच्या बापाचं ऐकत नाही, आणि माझा आवाज बसस्टँडपर्यंत जातो असं लोक म्हणतात. म्हणू देत.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर शहरातल्या रहिवाशांसाठी आगीचे नियम निघाले. घंटागाडीच्या भोंग्यावरून रोज सकाळी ऐकू यायचे. जिन्यात सामान ठेवू नका, गच्चीच्या दाराला कुलूप लावू नका, कूलरला अर्थिंग करा, खिडकीच्या ग्रिलला आतून उघडणारं दार ठेवा. कचरा टाकायला आलेल्या बाया तेवढ्या ऐकायच्या आणि ओला कचरा, सुका कचरा यावरून भांडत परत जायच्या. आपल्याकडे घरं कशी असतात ते तुम्हाला माहीतच आहे. मार्च लागला की एका खिडकीत कूलर बसतो, दुसरीला ग्रिल असतं, आणि उरलं ते एक दार.

फायरसाहेब घरोघर फिरू लागले. फिरत फिरत माझ्याकडे आले. दुकानाच्या मागंच माझं घर. समोर मधली खोली, तिच्या आत मायची खोली. मायला बाहेर यायचं तर मधल्या खोलीतूनच. मायच्या खोलीला गल्लीकडची एक मोठी खिडकी, आणि तिला माझ्या हातचं सगळ्यात दणकट ग्रिल. मधल्या खोलीच्या खिडकीत कूलर होता, त्याची हवा मायपर्यंत जायची.

साहेब मायच्या खाटेजवळ उभे राहिले. “सेठ, मधल्या खोलीत पेटलं, तं माय कुठून निघन?”

“कायले पेटते? शुभ बोला ना साहेब.”

“मी शुभच बोलून राह्यलो. कुठून निघन?”

मी चहाचं विचारून विषय बदलला. ते गेल्यावर मात्र झोप लागेना. मायला गुडघ्यांचा त्रास, भिंत धरून चालायची. शेवटी मी ग्रिलचे खालचे गज कापून एक लहानसं दार केलं. लहान अशासाठी, की मोठं केलं तर ग्रिलची ताकद जाते आणि ते पाहून गिऱ्हाईक परत जातं. नियम पाळला, धंदाही राखला. साहेबांना बोलावलं.

ते वाकून बघत राहिले. “यातून कोण निघते?”

“माणूस निघते.”

“मीही माणूसच हाओ.” असं म्हणून त्यांनी टोपी मायच्या हातात दिली, खाटेवर गुडघा टेकला आणि त्या दारात डोकं घातलं. डोकं गेलं, एक खांदा गेला, दुसरा गेला. मग पोटाशी काम थांबलं. पुढं जाईना, मागंही येईना. धड गल्लीत, पाय मायच्या खाटेवर.

“सेठ,” गल्लीतून आवाज आला, “धूर झाला समजा. काढा मले.”

मी ग्रायंडर आणला. बटण दाबलं. लाइन गेलेली.

“आगीत लाइन पयले जाते,” साहेब म्हणाले. लटकलेला माणूस, आणि असा शांत.

हॅक्सॉनं गज कापायला बसलो. माझा गज तो, एवढ्या लवकर थोडाच तुटतो! गल्ली जमा झाली. कोणी फोटो काढला, कोणी बशीत चहा आणून साहेबांना पाजला. माय आतून त्यांच्या पायांवर पदरानं वारा घालत होती आणि हसून हसून तिला दम लागला होता. शेजारचा किराणावाला मला म्हणाला, “दादा, ग्रिलसोबत माणूस फुकट देता का?” मी त्याला जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

सुटल्यावर साहेबांनी शर्ट झाडला आणि जमलेल्या लोकांना म्हणाले, “पाह्यलं ना? हा पिंजरा हाये. चोर बाहेर, घरचे आत.”

हे मी त्यांना कधी माफ केलं नाही. आजही नाही. नियम सांगा, दंड करा. पण भर गल्लीत माझ्या मालाला पिंजरा? महिनाभर गिऱ्हाईक दुकानात येऊन दात काढायचं. “पिंजरा कसा किलो?” मला तर अजून संशय आहे, की साहेबांनी त्या दिवशी मुद्दाम पोट फुगवलं होतं.

रागाच्या भरात मी मायच्या खिडकीला म्हैस निघेल एवढं दार केलं आणि साहेबांना दाखवलं. वाटलं, आता तरी गप्प बसतील. त्यांनी मायला म्हटलं, “माय, उघडून पाहा.” मायच्या बोटांना कडी सरकेना. कडी बदलली. मग म्हणे उंचावर आहे. खाली घेतली. खिडकीच्या बाहेर पायरी नाही. पायरी बांधली. मग म्हणे, “माय, आता डोये मिटा अन् कडी शोधा.”

मी भडकलो. “साहेब, माही माय काय सर्कशीत भरती होऊन राह्यली?”

“तू चूप राह्य रे,” माय म्हणाली. तिनं डोळे मिटले, भिंत चाचपत गेली, कडी काढली आणि खाटेवरून पायरीवर, पायरीवरून गल्लीत उतरली. शाळेत बक्षीस मिळाल्यासारखा तिचा चेहरा. त्यानंतर साहेब गल्लीतून गेले की खिडकीवर टकटक करायचे. “माय, सराव?” आणि माय हातातलं काम टाकून डोळे मिटायची.

आग लागली ती भर दुपारी. मी दुकानात एका माणसाशी गेटच्या भावावरून भांडत होतो. मागं वळलो तर घराच्या दारातून काळा धूर. मधल्या खोलीत कूलरच्या वायरीनं पेट घेतला होता, पडदा गेला होता, आणि कापसाची गादी धुमसत होती. आत शिरायला गेलो, दोन पावलांत डोळे गेले, श्वास गेला. लोकांनी मागं ओढलं. मायला हाका मारत मी गल्लीला वळसा घालून धावलो. हातात काय होतं तर हॅक्सॉ.

ग्रिलचं दार सताड उघडं होतं. माय समोरच्या घरच्या बाजेवर बसून तोंड पुसत होती. मला पाहून म्हणाली, “कायले बोंबलतं? निघाली ना मी.”

गाडी आली. आग विझली. साहेब धुरानं काळे होऊन बाहेर आले ते सरळ मायपाशी. तिचे हात उलटेसुलटे करून पाहिले. एका बोटाला चीर पडली होती. मग खिडकीशी जाऊन दाराच्या कडेवरून अंगठा फिरवला. “सेठ, इथं कानस मारा. मायचं बोट कापलं.”

मला त्यांचे पाय धरायचे होते. तोंडातून निघालं ते, “इतका उशीर काहून केला?” उशीर झाला नव्हता, सगळ्या गल्लीनं पाहिलं होतं. साहेब म्हणाले, “झाला खरा,” आणि पाइप गुंडाळायला गेले.

आता ते दिग्रसमध्ये नाहीत. निवृत्त होऊन मुकुटबनकडे आपल्या गावी गेले. जाण्याच्या आदल्या दिवशी मायनं त्यांना जेवायला बोलावलं. मी मनाशी ठरवलं होतं, आज या माणसाकडून वदवून घ्यायचंच की माझं ग्रिल पिंजरा नाही. आणि जमलं तर, त्या दिवशी जे बोलता आलं नाही तेही बोलून टाकायचं.

ते पोटभर जेवले. हात धुऊन मायच्या खाटेवर टेकले. माय म्हणाली, “लवंडा जरासे, ऊन लय हाये.” लवंडले, आणि नव्या कूलरच्या हवेत पाहता पाहता घोरायला लागले. एवढा मोठा माणूस, लेकरासारखा गालाखाली हात घेऊन. माय पायथ्याशी बसून राहिली.

तेवढ्यात दुकानात पुसदकडचं एक गिऱ्हाईक आलं. चार ग्रिलं हवी होती, आणि आल्या आल्या त्यानं असा पडेल भाव सांगितला, तोही एवढ्या मोठ्यानं, की एरवी मी त्याला बसस्टँडपर्यंत ऐकू जाईल असं उत्तर दिलं असतं.

मी ओठांवर बोट ठेवलं आणि हळूच म्हणालो, “बरं, दिलं.”