कापलेला कोपरा

माझा भाचा आमच्या घोंगड्यांचे फोटो फोनवर टाकतो. त्याखाली दोन ओळींचा मजकूर मी लिहून द्यावा, असं त्याचं म्हणणं आहे. घरात जास्त शिकलेली मीच. दोनदा मी टाळलं. तिसऱ्यांदा त्याने विचारलं तेव्हा म्हटलं, जाहिरात मी आयुष्यात एकदाच लिहिली, तेवढी पुरे झाली. तो हसला. आत्याला उगीच संकोच वाटतो, असं त्याला वाटलं असावं.

आमचं गाव सांगली जिल्ह्याच्या पूर्वेला, पाऊस चुकवून जातो त्या पट्ट्यात. मेंढरं आजोबांबरोबर संपली. माग राहिला, तो वडिलांकडे आला. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. आजोबा दिवाळीनंतर घोंगड्यांचा गठ्ठा खांद्यावर टाकून निघत आणि कराड, वाई करत पार पाचगणीच्या पायथ्याच्या गावांपर्यंत पायी जात. विकून आलो असं ते कधी म्हणत नसत. ‘घरं करून आलो’ म्हणत. आबांच्या गुडघ्यांना ते चालणं झेपेना, म्हणून त्यांनी त्याच घरांना पोस्टकार्डं लिहायला सुरुवात केली.

आबा चौथी शिकलेले. अक्षर मोठं, ओळी उजवीकडे चढत जाणाऱ्या. कार्डावर आधी विचारपूस असे. म्हातारीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का, थोरली नांदायला गेली का, विहिरीला पाणी लागलं का. घोंगड्याचं नाव अगदी शेवटच्या ओळीत: ‘थंडीच्या आत हात कळवा.’ उलट कार्डावर फक्त लांबी आणि रंग येई, ‘सात हात, काळं.’ बस. त्यांच्याकडे पत्त्यांची एक वही होती आणि तिच्यात प्रत्येक पत्त्याखाली त्या घरातली माणसं लिहिलेली होती. कोणी वारलं की आबा त्या नावावर काट मारत नसत. नावाला फक्त एक चौकट करत.

नव्वदनंतरच्या वर्षांत कारखान्यातली मऊ ब्लँकेटं तालुक्याच्या बाजारात दोरीवर लटकू लागली आणि उलट येणारी कार्डं कमी झाली. मी तेव्हा सांगलीला कॉमर्सच्या शेवटच्या वर्षाला होते. जाहिरात हा विषय होता आणि त्यात मला चांगले गुण होते. एका कार्डापायी आबांची अर्धी सकाळ जाते हे मला सहन होत नसे. मी सुचवलं, मजकूर छापून घेऊ, सगळ्यांना एकदम पाठवू. आबा मागावरच्या लोकरीच्या धाग्यांना खळ लावत होते. चिंचोक्याच्या त्या खळीचा आंबूस वास माझ्या कपड्यांना लागू नये म्हणून मी दारातच उभी होते.

“छापल्याल्या कागदावर इचारपूस कशी करायची?” एवढंच ते म्हणाले.

मी ते त्यांचं अज्ञान समजले. सुट्टी संपल्यावर वही पिशवीत घालून सांगलीला आले. त्यांना सांगितलं नाही. ऑर्डरी येऊ लागल्या की आपोआप कळेल, असा विचार होता.

छापखाना कॉलेजच्या मागे होता. मजकूर मी चार वेळा लिहिला. ‘उबेची परंपरा, आता नव्या रंगांत.’ वर मेंढीचं चित्र. विचारपुशीला जागा उरली नाही, आणि उरली असती तरी सगळ्यांना एकच काय विचारणार? नवीन साडीला दोऱ्याने कापल्या कोपऱ्याची किमतीची चिठ्ठी बांधलेली असते, तसं कार्ड दिसावं अशी माझी कल्पना होती. त्यासाठी वरचा एक कोपरा तिरका कापायचा.

छापखान्यातल्या वयस्कर गृहस्थांनी कार्ड हातात धरून माझ्याकडे पाहिलं. कोपरा असाच ठेवायचा का, असं विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं. त्यांना काय म्हणायचं आहे ते मला कळलं होतं. आमच्याकडे मयताची बातमी कार्डाने जाते तेव्हा त्याचा कोपरा फाडतात. असं कार्ड दाराबाहेर वाचतात, लगेच फाडून टाकतात आणि घरातली सगळी डोक्यावरून आंघोळ करतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण हा कोपरा फाडलेला नव्हता. कात्रीने नीट, सरळ रेषेत कापलेला होता. तो फरक मला स्पष्ट दिसत होता.

“मी असलं काही मानत नाही,” मी त्यांना म्हटलं.

तीन दिवस बसून पत्ते लिहिले. वहीतलं एकही घर सोडलं नाही.

ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी कोपरा तेवढा पाहिला. ज्यांना वाचता येत होतं त्यांतल्याही काहींनी फक्त गावाचं नाव वाचलं आणि कार्ड फाडलं. शनिवारी मी गावी गेले, त्याच दुपारी एक म्हातारा-म्हातारी आमच्या दारात आली. पाचगणीखालच्या गावातून, तीन एसट्या बदलून. म्हातारीने लांबूनच गळा काढला होता. म्हाताऱ्याच्या हातात आईसाठी आणलेलं दुखवट्याचं लुगडं होतं. आबा मागावरून उठून बाहेर आले.

आधी आबाच हसले. “मी हाय की अजून,” म्हणाले. म्हातारासुद्धा हसला, मग खाली बसला आणि टोपीने तोंड पुसू लागला. म्हातारी हसली नाही. तिने आबांच्या दंडाला हात लावून पाहिला.

“आवं, आमी तुमची आंघोळ केली,” ती म्हणाली.

आईने ते लुगडं घेतलं नाही. ते दोघं चहा पिऊन, न जेवता गेले. मी स्वयंपाकघरात होते. कार्ड कोणी छापलं हे तोवर आबांना कळलं होतं. मला वाटलं होतं, ओरडतील. ते उंबऱ्यावर बसले आणि हळू आवाजात म्हणाले, “तू शिकल्याली हायस. मला वाटलं, तुला वाचाय येतंय.”

पुढचे दोन महिने माग बंद होता. आबा कार्डं लिहीत होते. प्रत्येक घराला, पहिली ओळ एकच: ‘मी हयात आहे.’ मी लिहून देऊ का म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. उलट फार थोडी उत्तरं आली. एक कराडहून होतं. मरणाची थट्टा करून माल खपवायचा असेल तर आमचं घर वहीतून काढा, असं त्यात लिहिलं होतं. आबांनी वही काढली, बराच वेळ ते पान उघडं ठेवलं आणि तशीच मिटली. त्या थंडीत कोणी हात कळवले नाहीत. ब्लँकेटांनी आबांचा धंदा बुडवला असं भाऊ अजून सांगतो. मी दुरुस्ती करत नाही.

तिसऱ्या वर्षी आबा गेले. दुखणं चारच दिवसांचं. यावेळी कार्डं मी हाताने लिहिली, वहीतल्या प्रत्येक घराला, आणि प्रत्येकाचा कोपरा हाताने फाडला. कोपरे वेडेवाकडे फाटले. तेराव्यापर्यंत मी दारातल्या रस्त्याकडे पाहत होते. भाऊबंद आले, गाव आलं. वहीतल्या घरांपैकी कोणीही आलं नाही. माझ्यावरचा राग त्यांनी आबांवर काढला, असं मी मनाशी ठरवलं. त्यामुळे निदान त्यांना दोष देता येत होता.

त्यानंतर मला पाचगणीत एका शाळेच्या ग्रंथालयात काम मिळालं. वर्षभराने एका रविवारी मी खालच्या गावात उतरले. तीच म्हातारी ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. म्हातारा वारला होता. आबांची मुलगी म्हटल्यावर तिने मला ओळखलं, शेजारी बसवलं, शेंगा पुढे केल्या. आबा कसे आहेत, असं विचारलं. मी बोलायच्या आतच ती पुढे बोलू लागली.

“परत तसलंच कार्ड आलं हुतं की तुमचं, कोपरा फाडल्यालं.” ती गालात हसत होती, माझी चोरी पकडल्यासारखी. “पर या खेपेला आमी न्हाई फसलो. न्हाई केली आंघोळ.”

माझ्या मुठीत शेंगा होत्या. मी तिला सांगितलं. कोणत्या महिन्यात ते सांगितलं, चार दिवसांचं दुखणं सांगितलं. ते कार्ड माझ्याच हातचं होतं, हेही सांगितलं.

मांडीवरची टरफलं तिने झटकली, गुडघ्यावर हात देऊन उठली आणि आत सुनेला पाणी काढायला सांगितलं. मी ओसरीवर बसून होते. मागच्या अंगणात पाण्याचा तांब्या डोक्यावरून पडल्याचा आवाज आला. मग सुनेसाठी पाणी काढल्याचा, मग शाळकरी नातवासाठी. नातू विचारत होता, कोण गेलं.