एकदाच विचारलं

आई गेल्यावर बाबांना मी हट्टाने अमेरिकेत, पार्सिपनीला आणलं. २००४चा उन्हाळा होता. लेकीला सुट्टी होती. ती बारा वर्षांची, इथेच जन्मलेली. ऑफिसला निघताना मी वरण-भात, पोळ्या फ्रिजमध्ये ठेवायची आणि तिला बजावायची, "दुपारी आजोबांना जेवायचं विचार हं."

एका दुपारी तिचा ऑफिसात फोन आला. "मॉम, आजोबा आर शेकिंग. कम होम!"

बाबांना मधुमेह. साखरपाणी दे म्हणून मी फोनवरच ओरडले आणि गाडी पिटाळली. पोचले तेव्हा बाबा घामाने भिजून सोफ्यावर बसले होते, ग्लास दोन्ही हातांत धरून. सकाळची गोळी घेतलेली आणि फ्रिजमधले डबे जसेच्या तसे.

"जेवला का नाहीत?"

"पोरगी एकदाच विचारते न् निघून जाते," बाबा पुटपुटले. "लेकीच्या घरात आपल्या हाताने काय वाढून घ्यायचं?"

"ही सेड नो! यू टोल्ड मी नो मीन्स नो!" लेक रडायलाच लागली.

आता चिडू तरी कोणावर? पहिल्या विचारण्याला हो म्हणणारा आमच्या घरी हावरट ठरायचा. मी त्यातच वाढले. आणि कुणी नको म्हटलं की मागे लागायचं नाही, हे लेकीला मीच शिकवलं होतं, वर त्याचा तोराही मिरवला होता. दोघांचाही राग आला आणि दोघांसाठी जीव तुटला.

दुसऱ्या दिवसापासून लेक न विचारताच ताट वाढून त्यांच्यापुढे ठेवू लागली. बाबा मुकाट्याने जेवायचे. दोघांचा रोज संध्याकाळी रंगणारा पत्त्यांचा डाव मात्र बंद पडला. "घाबरते गं ती मला," ते एकदा म्हणाले आणि परतीचं तिकीट अलीकडचं करून मागितलं. मी करून दिलं.

पुढच्या वर्षी फोनवर विचारलं, "बाबा, येताय ना?"

"नको गं."

मी आग्रह केला, रागावले, शपथ घातली. शेवटी लेकीने फोन ओढून घेतला. "आजोबा, या ना. प्लीज, या ना. मी पत्ते खेळेन. या ना." इतकं कुणाच्या मागे लागताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. पलीकडून नकोच आलं.

फोन ठेवून ती माझ्याकडे वळली. "किती टाइम्स आस्क करायचं, मॉम?"