ओहोटीचा डबा

माझे सासरे माझ्या घरचं पाणी पीत नाहीत. यात माझा काही अपराध नाही, मी फक्त त्यांच्या मुलीशी लग्न केलं. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, असा त्यांच्या घराण्याचा नेम. आमच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती, दोन डॉक्टरांनी हात टेकले होते, आणि मामांचा नेम मात्र ठणठणीत होता. सासऱ्यांना मी मामा म्हणतो.

मामांची चिकूची वाडी घोलवडला, आमचं भाड्याचं घर डहाणूत. दर आठवड्याला ते स्कूटरवरून यायचे ते सगळा सरंजाम घेऊन. स्वतःची पाण्याची बाटली, स्वतःच्या चहाचा थर्मास, थर्मासचं झाकण हाच कप. आमच्यासाठी टोपलीभर चिकू आणायचे, पण त्यातला एक खा म्हटलं तर म्हणायचे, "एकदा उंबऱ्याच्या आत आला की तो लेकीचा." अहो, सकाळी झाडावरून तुम्हीच उतरवलात ना? पण नाही म्हणजे नाही.

हिचा हट्ट त्याहून मोठा. बापाचीच लेक. दर वेळी ती त्यांचं ताट वाढायची, कडेला मिठात लोळवलेल्या दोन तळलेल्या मिरच्या ठेवायची, कारण बाबांना त्याशिवाय घास उतरत नाही, आणि ताट पुढ्यात ठेवून उभी राहायची. मामा ताटाला नमस्कार करायचे, "पोचलं हो," म्हणायचे आणि थर्मास उघडायचे. मग ते ताट मी खायचो, मिरच्या सोडून. तिखट मला सोसत नाही. माझं पोट सुटलं ते या धर्मपालनामुळे, हे कुणाला सांगून पटत नाही.

ते गेले की ही भांडी आपटायची. एकदा मात्र भांडी न आपटता नुसती रडली. म्हणाली, "मूल नाही झालं यात माझी काय चूक? मी मरेपर्यंत बाबा माझ्या दारातून असेच उपाशी उठून जाणार का?" त्या दिवशी मला मामांचा भयंकर राग आला होता. वाटलं, स्कूटरची चावी लपवावी आणि म्हातारा भुकेनं कळवळेपर्यंत बसवून ठेवावा.

२०१७ च्या हिवाळ्यात मी एक कयाक घेतली. किनाऱ्यावरचं एक रिसॉर्ट बंद पडलं, त्याचं सामान विकायला निघालं, त्यात ही नारिंगी, लांबुळकी, दोन माणसांची प्लास्टिकची होडी होती. मी घाटावरचा माणूस, बँकेच्या बदलीनं इथे आलेला, मला पोहता येतं ते विहिरीत. पण फोनवर गोरे लोक कयाकमध्ये बसून हातभर मासे धरताना बघून मला चेव आला होता. ही म्हणाली, "याच्यात आपण कांदे साठवू." मामांनी मात्र होडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, तळ ठोकून पाहिला आणि म्हणाले, "जावईबापू, जाऊ एकदा. चिखले गावाच्या बाजूच्या खाडीत. दिवस नि वेळ मी सांगतो."

भरती-ओहोटीच्या बाबतीत मामांचा शब्द शेवटचा. गावात गणपती कधी बुडवायचे तेसुद्धा त्यांना विचारून. तिथी बोटांवर मोजतात आणि पाणी कधी चढेल, कधी उतरेल ते सांगतात. मी एकदोनदा फोनवर ताडून पाहिलं, फार तर दहा मिनिटांचा फरक. तेव्हा मी निर्धास्त होतो.

रविवारी सकाळी आठला पोचलो तेव्हा खाडी काठोकाठ भरलेली. पहिला घोळ झाला बसण्यावरून. कयाकमध्ये दोघांनी एकाच दिशेला तोंड करून बसायचं असतं. म्हणजे पुढच्याची पाठ मागच्याला आणि मागच्याच्या तंगड्या पुढच्याच्या कमरेला. मी पुढे बसलो तर वडीलधाऱ्या माणसाला पाठ. मी मागे बसलो तर सासऱ्याला पाय! आणि मामा म्हणतात, "जावयाकडे पाठ करून बसू? शोभेल का?" पंधरा मिनिटं "तुम्ही बसा", "छे छे, आधी तुम्ही" चाललं. शेवटी मी मागे, ते पुढे, पण समोरासमोर बसलो, मांडवातल्या विहिणींसारखे. दोघांनी आपापल्या पुढच्या दिशेला वल्हवलं, आणि होडीनं जागच्या जागी तीन प्रदक्षिणा घातल्या. मग वल्हं माझ्याकडे आणि गळ त्यांच्याकडे अशी वाटणी झाली.

गळाला कोलंबी लावून मामा जिताड्याची वाट बघत बसले. जिताडा म्हणजे खाडीतला राजा मासा, तो काही आमच्या दर्शनाला आला नाही. आली एक बोटभर शिंगाळी, तिनं माझ्या अंगठ्यात काटा मारला आणि निघून गेली. दहाच्या सुमारास मामांनी आपल्या बाटलीतलं सगळं पाणी हातांवर ओतून टाकलं. "कोलंबीचा वास फार लागतो," म्हणाले. मी म्हटलं, "मामा, प्यायला?" ते म्हणाले, "बघू."

साडेदहाला मी म्हटलं, "मामा, काठाचा चिखल उघडा पडायला लागलाय. निघू या का?"

"छे! जिताडा उतरत्या पाण्यालाच येतो. अजून पुष्कळ वेळ आहे."

सव्वाअकराला होडीचं बूड टेकलं. वीस मिनिटांत चहूकडे नुसता काळा चिखल. मी एक पाय खाली टाकला तो मांडीपर्यंत आत. ओढून काढताना एक चप्पल खाडीला वाहिली. मामांचे गुडघे सत्तर वर्षांचे, त्यांना चिखलातून नेण्याचा प्रश्नच नव्हता. चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरणारी एक बाई हातात आकडा घेऊन त्याच चिखलातून अंगणात फिरावं तशी आली. तिनं आधी होडीकडे पाहिलं, मग मामांकडे.

"शेठ, तुम्ही? तुम्हाला नाही कळलं पाणी?"

मामा आभाळाकडे बघत म्हणाले, "वय झालं, बाई."

"आता बसा पाचपर्यंत," म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसत गेली. मला वाटलं, खरंच म्हातारा थकला. माझा राग थोडा उतरला.

साडेबाराचं ऊन डोक्यावर. मामांचे ओठ सुकले होते. थर्मास ते त्या दिवशी घरीच विसरले होते. मी माझी बाटली पुढे केली.

"कुणाकडचं?" मामांनी विचारलं.

"इथे नळ आहे का, मामा? तुमच्या लेकीकडचं! प्यायचं तर प्या, नाहीतर तुमचा नेम आणि तुम्ही!" मी पहिल्यांदाच त्यांच्यावर ओरडलो.

मामा रागावले नाहीत. घसा साफ करून म्हणाले, "जावईबापू, शास्त्रात आपद्धर्म म्हणून एक गोष्ट आहे. संकटात जीव राखावा. नेम मोडला असं होत नाही." आणि अर्धी बाटली घटाघटा प्यायले. मग माझ्या डब्याकडे बघत राहिले.

"अन्नाचंही तसंच असतं?" मी विचारलं.

"तसंच असतं. बरं, हे काही घर नव्हे. उंबरा कुठेय?"

हिनं सवयीनं दोघांपुरतं भरलं होतं. तांदळाच्या भाकऱ्या, कांदा घातलेली सुकट, कडेला मिरच्या. मला दीड भाकरी मिळाली. मामा सावकाश, खाली बघून जेवत होते. तिसऱ्या भाकरीला त्यांचा हात थांबला. "तिच्या आईची सुकट अश्शीच असायची," म्हणाले, आणि बाहीनं डोळे पुसले. समोरासमोर बसण्याचा तोटा मला तेव्हा कळला. दोघांनाही तोंड लपवायला जागा नव्हती, आणि माझेही डोळे भरून आले होते.

बोटं पुसत ते म्हणाले, "तिला सांगायचं नाही हं. आमच्यात बोलतील." मी शब्द दिला.

पाचनंतर पाणी चढलं, तेव्हा सुटलो. घरी आलो तो मी मांडीपर्यंत काळा आणि वरून लाल. हिनं हसून घेतलं, मासे कुठेयत म्हणून विचारलं आणि डबा घासायला घेतला. झाकण उघडून ती थांबली. आत मिरच्या नव्हत्या. दोन देठ होते.

तिनं ते तळहातावर घेतले आणि माझ्याकडे पाहिलं. मी शब्द दिला होता, म्हणून पंख्याकडे बघत राहिलो. ती तिथेच ओट्याला टेकून खाली बसली.

तेवढ्यात मामांचा फोन आला. माझे हात बरबटलेले, म्हणून मी तो स्पीकरवर टाकला.

"जावईबापू, अंग दुखतंय का?"

"थोडं. पण मजा आली, मामा. पुढच्या रविवारी जायचं का पुन्हा?"

"छे, पुढच्या रविवारी नको. त्या दिवशी दुपारी खाडी भरलेली असते. त्याच्या पुढच्या रविवारी जाऊ. आठलाच निघू."

मासे धरायला निघालेल्या माणसाला भरलेली खाडी नको होती. ही देठ मुठीत धरून फोनकडे बघत होती.

"ऐकताय ना?" मामा म्हणाले. "आणि मिरच्या चार घालायला सांगा. तुम्हाला आवडायला लागल्यात म्हणा."