कार्ताहेनाची कल्पना कोणाची?

आमच्या सिंगापूरच्या म्हाताऱ्यांच्या ग्रुपवर एक रीत आहे. सकाळी सातच्या आत प्रत्येकाने एका फुलाचा फोटो टाकायचा, बाकी काही लिहायचं नाही. आम्ही त्याला हजेरी म्हणतो. मुलं त्यांच्या गडबडीत असतात, कोण कुठल्या फ्लॅटमध्ये पडून राहिलंय ते कळत नाही, म्हणून ही सोय. फूल आलं नाही तर त्याच्या घरी फोन करायचा. दीड महिन्यापूर्वी एका सकाळी माझ्या मित्राचं, वसंताचं फूल आलं नाही. मी टॅम्पिनीसमधल्या माझ्या फ्लॅटवरून वुडलँड्सला त्याच्या घरी फोन लावला. त्याच्या मुलीने, मेधाने उचलला. "काका, मी तुम्हालाच करणार होते..." वसंता गेला होता.

शोकसभेत ज्याने त्याने कार्ताहेनाचा किस्सा सांगितला. "वसंतराव म्हणजे अवलिया माणूस! सत्तरीत या भाऊंना ओढत थेट कॅरिबियन समुद्रावर घेऊन गेले!" लोक हसले. माझ्याकडे पाहून हसले, म्हणून मीही हसलो आणि मान हलवली. त्या मान हलवण्यापायी हे लिहायला बसलो आहे. कार्ताहेनाला वसंताने मला नेलं नाही. मी त्याला नेलं. निदान मला तरी तसंच आठवतंय.

2016 च्या उन्हाळ्यात माझ्या धाकट्या मुलाकडे फ्लोरिडाला बारसं होतं. बायको गेल्यानंतर एवढा प्रवास एकट्याने करायचा धीर होईना, म्हणून वसंता सोबतीला आला. बारसं झाल्यावर मुलगा-सून बाळाला घेऊन तिच्या माहेरी गेले आणि मोठ्या घरात आम्ही दोघंच उरलो. दुपारी मुलाच्या लॅपटॉपवर एक स्वस्त तिकीट दिसलं. कोलंबियातलं कार्ताहेना, दुसऱ्या दिवशी पहाटेचं विमान. वसंताने सगळं आयुष्य अमरावतीला भूमापन खात्यात लोकांच्या जमिनी मोजण्यात घालवलेलं. त्याचं शिक्षण वडिलांनी ठरवलं, लग्न मामाने, सिंगापूर मेधाने. मी हाक मारली, "वसंता, उद्या कोलंबियाला जायचं."

"व्हिसा?"

"अमेरिकेचा आहे ना, तोच चालतो."

"आणि मेधाला काय सांगू?"

"काही सांगू नकोस. रोज फूल टाक. फूल कुठून आलं ते कोण बघतंय?"

तो आत गेला, चहा करून आणला आणि म्हणाला, "सामानाचे जास्तीचे पैसे लावतील ते. मी दोन शर्ट अंगावरच घालतो." आणि खरंच दोन शर्ट, वर स्वेटर, अशा थाटात तो त्या भट्टीसारख्या गावात उतरला.

राहिलो एका हॉस्टेलमध्ये, आठ जणांच्या खोलीत, पाठीवर बोचकी घेऊन हिंडणाऱ्या पोरापोरींबरोबर. वरच्या पलंगावर कोण चढणार यावर अर्धा तास वाद. "तुझे गुडघे चांगले आहेत." "माझे? परवा जिन्यावर कण्हत कोण होतं?" शेवटी एका जर्मन मुलीने स्वतःचा खालचा पलंग दिला. नारळाच्या दुधातला भात आणि तळलेला मासा खाताना वसंता म्हणाला, "अरे, हे तर मालवण आहे!" तिथे संध्याकाळचे सहा वाजले की सिंगापुरात सकाळचे सात. आम्ही कठड्यावर बसून मावळत्या उजेडात हजेरीची फुलं टाकायचो आणि चोरी पचल्यासारखे हसायचो.

तिसऱ्या दिवशी मी हट्ट धरला की गावाभोवतीच्या जुन्या तटावरून पूर्ण फेरी मारायची. ऊन डोक्यावर. वसंता दोनदा म्हणाला, "भाऊ, जरा बसूया." मी म्हणालो, "पुढच्या बुरुजापर्यंत चल." पुढच्या बुरुजापर्यंत तो पोचला नाही. फळं विकणाऱ्या दोन बायांनी त्याला सावलीत ओढलं, पाणी पाजलं, टॅक्सी थांबवली. दवाखान्यात सलाईन लागलं. त्या गोंधळात सहा वाजून गेले आणि त्याचं फूल राहिलं.

ग्रुपवरून कोणीतरी त्याच्या घरी कळवलं असणार, मेधाचा फोन माझ्या मोबाइलवर आला. कुठे आहात, काय झालं, कोलंबिया म्हणजे काय... तिचा आवाज चढत गेला आणि मी म्हणालो, "मी नकोच म्हणत होतो गं. त्यानेच हट्ट धरला." वसंता दोन हातांवर, पलंगावर, जागा होता. त्याने सगळं ऐकलं. मी फोन ठेवला तर म्हणाला, "फूल राहिलं ना रे?" बस्स.

परत आल्यावर मेधाने त्याचा पासपोर्ट स्वतःच्या कपाटात ठेवला, ते एक वेळ ठीक. पण नात ईरा, तेव्हा सात वर्षांची, तिला शाळेतून आणायचं त्याचं काम काढून मदतनीस बाईला दिलं. जो माणूस असा कुठेही निघून जातो त्याच्यावर मूल कसं सोपवायचं, हे मेधाचं म्हणणं. वसंता शाळा सुटायच्या वेळी इमारतीखालच्या बाकावर येऊन बसायचा आणि त्या दोघी येताना दिसल्या की उठून लिफ्टचं बटण दाबून ठेवायचा. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. एकदा न राहवून म्हणालो, "तू तिला खरं का सांगत नाहीस?" त्याने माझ्याकडे पाहिलं. "कसलं खरं?" तो माझं खोटं झाकत होता, शिक्षा देत होता, की खरंच विसरला होता? तीन वर्षं झाली, अजून कळलेलं नाही.

गेल्या रविवारी वुडलँड्सला जाऊन मेधाला सगळं सांगितलं. तिकीट मी काढलं, तटावर मी चालवलं, फोनवर मी खोटं बोललो. ती म्हणाली, "काका, तीन वर्षं मी बाबांबरोबर ईराला एकटं खाली नाही जाऊ दिलं." रागावली असती तर बरं वाटलं असतं. तेवढ्यात आतून ईरा आली. तिला मराठी समजतं, उत्तर मात्र ती इथल्या सिंगापुरी इंग्रजीत देते. "नो ला, भाऊआजोबा! इट वॉज आजोबाज् आयडिया." आणि मग तिने मलाच माझी सहल सांगितली. तिचे आजोबा फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर उभे होते, पलीकडे काय आहे ते बघायचंच असं त्यांनी ठरवलं, आणि घाबरलेल्या मित्राला घेऊन निघाले. आयुष्यात एवढी एकच गोष्ट मी स्वतः ठरवली, असं ते म्हणायचे म्हणे.

आता मी गोंधळलो. किनाऱ्यावर आम्ही गेलो होतो, तिकिटाच्या आदल्या संध्याकाळी. वसंताने विचारलं होतं, "याच्या पलीकडे काय असेल रे?" मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. पण मी दुसऱ्या दिवशी तिकिटं शोधायला बसलो तो आपण होऊन, की त्या प्रश्नामुळे? तिकीट काढायचं बटण मी दाबलं एवढंच नक्की. मी तोंड उघडलं तर मेधाने अगदी हळू मान हलवली... नको.

लिफ्टपाशी ती म्हणाली, "तुम्ही लिहा काका. ज्यांनी सभेत ऐकलं त्यांना कळू दे. ईरा मराठी वाचत नाही." म्हणून हे मराठीत.

दार बंद होता होता ईरा पळत आली. विमान हलायला लागलं तेव्हा तुम्ही डोळे मिटले आणि आजोबांनी तुमचा हात धरला, हे खरं का, तिला एवढंच विचारायचं होतं. मी म्हणालो, "हो. घट्ट धरला होता."

डोळे मी मिटले होते. वसंता मात्र दोन शर्ट आणि स्वेटर घालून उतरेपर्यंत घोरत होता. तेही इथे लिहून ठेवतो.