दाढ काढण्याआधी आईस्क्रीम

दातांचा दवाखाना थाटला की किस्से फुकटात मिळतात! नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी नाशिकरोडला प्रॅक्टिस सुरू केली. वाटलं होतं, माणसं येतील, तोंड उघडतील, दाढ देऊन जातील. कसलं काय! आता मैत्रिणी जमल्या की "ए, तो बीपीवाला सांग ना" अशी फर्माईशच होते.

सगळ्याचं मूळ एकच. दाढ काढण्याआधी मी विचारायचे, "काही आजार? काही गोळ्या चालू?" आणि पेशंट छातीठोकपणे सांगायचा, "काही नाही!" आता समजा, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे आणि त्यानं ती लपवली. दाढ निघते हो, पण रक्त थांबता थांबत नाही. माझी पळापळ आणि त्याच्या जिवाशी खेळ! पण हे पटवायचं कुणाला?

*

इगतपुरीचे एक काका, रेल्वेतून रिटायर झालेले.

"बीपी आहे का?"

"होतं."

"मग?"

"गोळीनं गेलं. गेलं म्हणून गोळी बंद केली."

पट्टा बांधून बघते तर पारा दोनशेच्या वर! हातातलं इंजेक्शन खाली ठेवलं. म्हटलं, "काका, आज दाढ नाही. आधी फिजिशियनला दाखवून या."

काका असे तडकले! "अहो, दाढ काढायला आलो, ती तोंडातच राहिली. वर बीपी घेऊन घरी चाललो!"

*

वणीकडचे एक द्राक्षबागायतदार. त्यांना डायबेटिस आहे हे मला माहीत होतं, म्हणून आदल्या दिवशी फोनवर बजावलं होतं, "पोटभर जेवूनच या बरं का."

आले ते घामाघूम, हात थरथरतायत.

"जेवलात?"

"नाय."

"शुगरची गोळी?"

"घेतली ना! ती कशी चुकवीन?"

झालं! आधी ग्लुकोजचं पाणी पाजलं. जरा हुशारी आल्यावर मग मी तोंड सोडलं. चांगलं पाच मिनिटं सोडलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मॅडम, हर्नियाच्या आपरेशनच्या टायमाला दोन घास खाल्ले होते, तर त्या डॉक्टरनं हाकलून दिलं. आता उपाशी आलो तर तुम्ही वरडताय. आधी तुम्ही डॉक्टर लोकं एकदा बसून ठरवा, मग आम्हाला सांगा!"

*

मग मी शहाणी झाले. नियमच केला, जी गोळी घेता ती पिशवीत घालून आणा. देवळाली गावच्या एका आजींनी भलीमोठी पिशवी आणली. बघते तर निम्म्या गोळ्या दुसऱ्याच कुणाच्या!

"ह्या कुणी दिल्या, आजी?"

"शेजारच्या सायराबीनं. तिला गुण आला, म्हणून रोज अर्धी मी घेते."

मी कपाळावर हात मारला. "अहो, दुसऱ्याची गोळी अशी घेतात का?"

आजींना अपमानच वाटला. ताठ बसून म्हणाल्या, "फुकट नाही घेत. माझ्यातली अर्धी देते ना तिला!"

*

आणखी एक गोष्ट लक्षात आली. आमच्याकडे दाढ काढायला कुणी एकटं येत नाही. आणि सोबतचा माणूस खुर्चीपाशी उभा असला की पेशंटची उत्तरं त्याच्यासाठी असतात, माझ्यासाठी नसतात! म्हणून मी युक्ती काढली. प्रश्न दोनदा विचारायचे. एकदा सोबतच्यासमोर, आणि मग त्याला "दाढ काढल्यावर आईस्क्रीम लागतं, समोरून घेऊन या" म्हणून पिटाळायचं आणि परत विचारायचं. समोरचा आईस्क्रीमवाला मला दिवाळीत मिठाई पाठवायचा, ते उगाच नाही!

*

देवळाली कॅम्पचे एक सुभेदारसाहेब होते. तोफखान्यातून रिटायर झालेले, भरघोस मिशा. सोबत काकू.

"काही आजार?"

"काही नाही! फौजी माणूस आहे मी!"

काकूंना आईस्क्रीमला पाठवलं. दार बंद झालं तसा साहेबांचा आवाज उतरला.

"डॉक्टर, ही लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला होती, तेव्हा मला अटॅक येऊन गेला. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. दाढीच्या डब्यात ठेवतो, तिथं ही हात लावत नाही. हिला सांगू नका. कळलं तर रात्र रात्र माझ्या उशाशी जागत बसेल."

तशीच दाढ काढली असती तर? त्या दिवशी दाढेला हात लावला नाही. "आधी तुमच्या हार्टच्या डॉक्टरांशी बोलते," असं सांगून पुढची तारीख दिली.

साहेब स्कूटर काढायला खाली गेले, तशा काकू माझ्या टेबलाशी आल्या.

"ह्यांनी गोळीचं सांगितलं ना?"

मी साळसूदपणे विचारलं, "कुठली गोळी?"

"अहो, दाढीच्या डब्यातली! संपत आली तरी ह्यांचं लक्ष नसतं. मीच दुकानातून आणून गुपचूप भरून ठेवते. पण मला माहितीये हे त्यांना कळू देऊ नका हं. मला काही माहीत नाही, या समजुतीवर तर निवांत आहेत!"

माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू!

हार्टच्या डॉक्टरांशी बोलले, रक्ताची तपासणी करून घेतली. ठरल्या दिवशी दाढ काढली, टाका घातला, कापूस दाबून धरायला लावला आणि श्वास रोखून बघत बसले. काकू याही वेळी आईस्क्रीमला गेल्या होत्या.

थांबलं बाई रक्त!

कापूस काढल्यावर सुभेदारसाहेब हळूच म्हणाले, "डॉक्टर, एक गंमत सांगू? दीड वर्ष होत आलं, त्या डब्यातली गोळी काही संपत नाही!" आणि मिशीतल्या मिशीत हसले.

तेवढ्यात काकू दोन कप घेऊन आत आल्या.

माझा स्वभावच वाईट, राहवेना. म्हटलं, "दुसरी दाढही काढावी लागेल पुढच्या महिन्यात. परत एकदा विचारून ठेवते. काही आजार? काही गोळ्या चालू?"

दोघं एका सुरात म्हणाले, "काही नाही!"