पंखांची भुकटी

माझी मावशी पतंग वाढवायच्या कारखान्यात कामाला होती. बाहेरच्या मुलखातून आलेल्या एका अळीनं आमच्याकडचा मका पार पोखरला होता. ही अळी मोठी झाली की तिला पंख फुटून पतंग होतो; तिचा बंदोबस्त म्हणून कारखान्यात त्याच जातीचे नर पतंग तयार करत. त्यांच्यात असं जनुक घातलेलं, की शेतात सोडल्यावर त्यांच्या पोटी आलेल्या माद्या अळी असतानाच मरायच्या. फवारणी नको, विष नको. मावशीला केवढा अभिमान! "मी त्यांचा निर्वंश करतेय," असं हसत हसत सांगायची.

गावात मात्र बोंब उठली. मका खाल्ला की जनुक अंगात शिरणार, म्हणे! सभा झाली, व्यासपीठावर लोक तावातावानं भांडले. मावशी मागच्या बाकावर खोकत होती. कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

तो खोकला जनुकाचा नव्हताच. पतंगांच्या पंखांची बारीक भुकटी खोलीभर उडते, ती छातीत बसत होती. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. मावशीनं साहेबांकडे मास्क मागितले, हवा बाहेर फेकणारा पंखा मागितला.

"रुमाल बांधा की!" साहेब म्हणाले. "बजेट आलं की बघू."

मग एक दिवस बडे पाहुणे कारखाना बघायला आले. दारातच एकेकाच्या हातात कोरा करकरीत मास्क! मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पतंगांच्या खोलीच्या दाराला पाठ लावून ती उभी राहिली.

"बाजूला व्हा, बाई," साहेब दबक्या आवाजात म्हणाले.

"यांची फुप्फुसं सोन्याची, आणि आमची काय मातीची? घटकाभर डोकावणाऱ्याला मास्क, आणि दिवसभर आत राबणारीला रुमाल! आधी आमचं बघा, मग दार उघडते."

बाकीच्या बायकाही तिच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. पाहुणे आल्या पावली परतले.

आठवड्याच्या आत मास्क आले, पंखे बसले. मग इतके दिवस ते बजेट कुठे दडी मारून बसलं होतं? पुढच्या हंगामात शेतातली अळीही ओसरली. मावशीला मात्र "तुमच्या तब्येतीसाठी" म्हणून अळ्यांचं खाद्य शिजवायला बसवलं. छाती काही पूर्वीसारखी झाली नाही; जिना चढताना अजून मध्येच थांबते.

परवा कारखान्यात साहेबांचा सत्कार झाला. कशाबद्दल, तर कामगारांच्या आरोग्याची काळजी घेतल्याबद्दल! टाळ्या वाजवायला मावशीला पहिल्या रांगेत बसवलेलं. ती उठली, सगळ्यांदेखत खुर्ची उलटी फिरवली, आणि साहेबांकडे पाठ करून बसली.